काल बाळ असं नव्हतं

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये डॉक्टरांची वानवा आहे असं कुणी म्हणू धजणार नाही. साखरेचा कारखाना केव्हाच बंद पडला, जाताना गावाला नाव तेवढं ठेवून गेला. आता हायवे सिक्सवरून जाताना डोळ्यांत भरतात ते दवाखाने. बँक, डोनटचं दुकान, भुवया कोरून देणारं दुकान आणि त्यांच्याच रांगेत लाल अक्षरांत झगमगणारी 'इमर्जन्सी'. हॉस्पिटलला न जोडलेल्या अशा सुट्या इमर्जन्सी रूमना परवाने देणारा कायदा टेक्सासने २००९ मध्ये केला आणि ह्यूस्टनच्या उपनगरांत त्यांचं पीक आलं. वीसेक मैलांवर टेक्सास मेडिकल सेंटर, म्हणजे जगातला सगळ्यांत मोठा वैद्यकीय परिसर. त्यात १९५४ पासून चालू असलेलं टेक्सास चिल्ड्रन्स हॉस्पिटल. शिवाय मराठी मंडळींच्या ओळखीपाळखीत एखादा तरी डॉक्टर निघतोच.

आणि तरीही रात्री दोन वाजता बाळ कण्हायला लागलं की पहिला फोन लागतो तो पुण्याला, नाहीतर सांगलीला. उन्हाळा असेल तर तिथे तेव्हा दुपारचे साडेबारा झालेले असतात, आजीचा कुकर नुकताच उतरलेला असतो. ती चष्मा शोधते आणि फोनच्या पडद्यातून सांगते, "आधी दिवा लाव. झबलं वर कर. पोट दाखव." मग काही न बोलता बघत राहते. "श्वास घेताना बरगडीखाली खळगा पडतोय का गं? नाकपुड्या फुलतायत? आणि दूध? काल ओढत होता तसं ओढतोय का?"

यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाळाच्या आजारपणाबद्दल आईबापांना 'आतून' जे वाटतं त्यावर किती भिस्त ठेवायची, याचं उत्तर बरंचसं त्या प्रश्नात आहे.

या विषयावर आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक भक्तिभावाचा: आईच्या काळजाला सगळं कळतं, नाळ जोडलेली असते, वगैरे. दुसरा दवाखान्यातला: पहिलटकरीण आहे, घाबरलीय, तिला जरा शांत करा. एकात आईला देवी केलेलं आहे, दुसऱ्यात बावळट. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. ती नेमकं काय बघून बोलतेय, हे कुणीच विचारत नाही.

ती बघते फरक. डॉक्टरला मूल दिसतं पंधरा मिनिटं, तेही कागद पसरलेल्या टेबलावर, परक्या खोलीत, रडून लाल झालेलं. त्या पंधरा मिनिटांत तो जे मोजतो ते मोलाचं आहे, पण ते सगळं आजचं. या मुलाचा काल कसा होता, परवाचा ताप कसा होता, एरवी भूक लागली की ते घर कसं डोक्यावर घेतं आणि आज कसं नुसतंच पडून आहे, ही नोंद जगातल्या कोणत्याही हॉस्पिटलच्या संगणकात नसते. ती फक्त घरात असते. आणि घरात म्हणजे आईच्याच रक्तात असं नाही. जो मुलापाशी तास घालवतो त्याच्याकडे ती जमा होते. रात्रपाळी करून दिवसा मूल सांभाळणाऱ्या बापाकडे असते, डेकेअरमधल्या बाईंकडेही असते. नाळेची गोष्ट इथे कशाला हवी?

हे मी कल्पनेने म्हणत नाही. याचा सर्वांत भक्कम पुरावा निदान मला तरी सापडला तो आपल्याच मुलखात, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ खेड्यांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. दवाखाने दूर, बाळंतपणं घरी, आणि मरणारी बाळं मरत होती ती बरीचशी जंतुदोषाने, म्हणजे सेप्सिसने. रक्त तपासायची सोय नाही. मग गावातल्या बेताच्या शिकलेल्या बाईने, म्हणजे आरोग्यदूताने, ओळखायचं कसं? त्यांनी सात खुणा ठरवल्या. त्यांतल्या कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर उपचार सुरू. त्या खुणांची भाषा बघण्यासारखी आहे. आधी नीट रडणारं बाळ आता क्षीण रडतंय किंवा रडायचं थांबलंय. आधी चांगलं असलेलं बाळ मलूल झालंय किंवा शुद्धीवर नाही. आधी चांगलं ओढत होतं, पण आता ओढणं कमी झालंय किंवा थांबलंय असं आईला वाटतं. सातपैकी तीन खुणा 'आधी'वर उभ्या, आणि एकीत तर आईचं वाटणं सरळ निकषातच घातलेलं.

बाकीच्या खुणाही साध्याच: मिनिटाला साठच्या वर श्वास, कण्हणं किंवा छाती आत ओढली जाणं, पोट फुगणं किंवा उलट्या-जुलाब, कातडीला अगर बेंबीला पू. पण मला अप्रूप वाटतं ते पहिल्या तिघींचं. जंगलातल्या झोपडीत जिला सही करता येत नाही अशा बाईचं निरीक्षण इथे शास्त्राने 'लक्षण' म्हणून टिपून घेतलं. त्याच्या जोडीला जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं, ऊब आणि स्तनपान सांभाळलं, आणि तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. 'लॅन्सेट'ने हे १९९९ मध्ये छापलं. २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरची नवजात काळजी देशभर नेली, तिचं मूळ हेच. शुगर लँडमधल्या एखाद्या आईला, जी दिवसा तेल कंपनीत भूगर्भाचे आलेख वाचते, तिला मी हे सांगितलं की ती आधी चकित होते. मग म्हणते, "म्हणजे मी जे सांगत होते ते डेटाच होतं." होतं तर.

युरोपातही हेच निघालं, जरा वेगळ्या वाटेने. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात २००४ साली फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या ३,८९० मुलांचा अभ्यास झाला. त्यातले काही निष्कर्ष २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. तपासणीत विशेष काही नाही, पण डॉक्टरच्याच पोटात कालवतंय, अशा मुलांमध्ये गंभीर आजार निघण्याची शक्यता कितीतरी पट जास्त होती. मग या कालवण्यामागे काय असतं ते बघितलं. मूल हसत नाही, सुस्त आहे, श्वास बरोबर नाही, हे होतंच. पण आजूबाजूच्या परिस्थितीतला सर्वांत जोरदार घटक निघाला तो आईबापांचं एक वाक्य: हा आजार नेहमीसारखा वाटत नाही. म्हणजे डॉक्टरची जी 'अनुभवी नजर' आपण वाखाणतो, तिच्यात आईच्या नजरेचा वाटा मुरलेला असतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेलं तर आणखी रोखठोक आहे. इमर्जन्सीत आलेल्या मुलांच्या पालकांना नेमाने विचारलं, मूल बिघडत चाललंय अशी काळजी वाटते का? ज्यांनी हो म्हटलं त्यांची मुलं अतिदक्षता विभागात जाण्याची शक्यता जवळजवळ चौपट. नाडी-श्वासाच्या आकड्यांपेक्षाही या एका उत्तराचा संबंध घट्ट निघाला.

मग हे ऐकलं का जात नाही?

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २००१ च्या फेब्रुवारीत जोसी किंग नावाची दीड वर्षाची मुलगी गेली. गरम पाण्याने भाजली होती, त्यातून बरी होत आली होती, घरी जाण्याची बोलणी चालू होती. आई सोरेल किंग हिच्या लक्षात आलं की मुलीला विलक्षण तहान लागलीय. आंघोळ घालताना ती ओला फडका तोंडात धरून चोखत होती. पाणी द्यायचं नाही अशी सूचना होती. आईने विचारलं, पुन्हा विचारलं. मुलं असं करतात, असं उत्तर मिळालं. शरीरातलं पाणी आटत होतं, ते कागदावर कुणी जोडलं नाही, आणि त्यातच नको असलेलं गुंगीचं औषध दिलं गेलं. जगात नावाजलेलं हॉस्पिटल, शेजारी यंत्रं, आणि जे दिसायला हवं होतं ते त्या फडक्यात होतं. त्या आईने नुकसानभरपाईच्या पैशातून संस्था काढली, डॉक्टरांनाच भाषणं दिली. २००५ पासून पिट्सबर्गच्या एका हॉस्पिटलात रुग्णाच्या घरच्यांना थेट तातडीचं पथक बोलावता येईल अशी सोय झाली, ती तिच्या बोलण्यातून.

लंडनची गोष्ट अलीकडची. मार्था मिल्स, तेरा वर्षांची. २०२१ च्या जुलैत सुट्टीत सायकलवरून पडली, हँडल पोटात लागून स्वादुपिंडाला इजा झाली. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात सेप्सिस झाला आणि ३१ ऑगस्टला ती गेली. तिची आई मेरोपी मिल्स 'गार्डियन'मध्ये संपादक. लांब सुट्टी येतेय, डॉक्टर कमी असतील, मुलगी सेप्सिसमध्ये जाईल, ही भीती तिने बोलून दाखवली होती. वेळेवर अतिदक्षता विभागात हलवली असती तर बहुधा वाचली असती, असं चौकशीत निघालं. इंग्रजी मातृभाषा, शब्द हाच व्यवसाय, हुद्दा मोठा. तरी ऐकलं गेलं नाही. म्हणून आपली माणसं जेव्हा म्हणतात की ॲक्सेंटमुळे आपल्याला बाजूला सारतात, तेव्हा ते अर्धंच खरं आहे असं मला वाटतं. तिच्या लेखानंतर इंग्लंडमध्ये 'मार्थाज रूल' आला. २०२४ पासून १४३ हॉस्पिटलांत सुरुवात झाली: घरच्यांना वाटलं की बिघडतंय, तर त्यांनी एका नंबरावर फोन करायचा आणि दुसऱ्याच पथकाने येऊन रुग्णाला पुन्हा बघायचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये असाच 'रायन्स रूल' २०१३ पासून आहे, तोही एका मुलाच्या नावाने. या नियमांना लहान मुलांची नावं आहेत, ही गोष्ट वाचताना अंगावर येते.

या नियमांत आईबापांना काय दिलंय आणि काय नाही, हे नीट बघा. निदान करायचा हक्क दिलेला नाही. औषध ठरवायचा तर नाहीच. दिलाय तो एवढाच, 'पुन्हा बघा' म्हणायचा. माझ्या मते हीच हद्द बरोबर आहे, आणि अलीकडे सगळा घोळ होतोय तो ही हद्द पुसली गेल्यामुळे.

अमेरिकेत ही सोय हॉस्पिटलागणिक बदलते. आहे तिथेही ती सूचना भिंतीवरच्या एखाद्या फलकात असते आणि आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दाखल झाल्याबरोबर नर्सला विचारावं: मला काळजी वाटली आणि तुम्ही कामात असलात तर मी कोणता नंबर फिरवू? ती रागावत नाही. उलट बहुतेक नर्सना हा प्रश्न आवडतो.

पण आपला अडसर वेगळाच असतो. तो आहे आपला संकोच. शुगर लँडमध्ये मुलांचे डॉक्टर पुष्कळदा देशीच, कधी तेलुगू, कधी गुजराती, कधी चक्क आपल्या कोथरूडचे. गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत ते आपल्या पुढे उभे असतात, त्यांची मुलगी आणि आपली मुलगी एकाच भरतनाट्यम क्लासला. आता अशा माणसाला 'मला दुसऱ्याचं मत घ्यायचंय' कसं सांगायचं? वाईट दिसतं. मग 'डॉक्टरसाहेब म्हणाले ना, व्हायरल आहे' म्हणून आपण मूल घरी आणतो आणि रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसतो. दुसरं मत मागितलं की डॉक्टरचा अपमान होतो, ही समजूत आपण सातासमुद्रापार जपून आणलीय; लोणच्याची बरणी तरी कस्टममध्ये अडवतात.

दुसरा अडसर त्याच्या उलट टोकाचा. आपण आकड्यांची माणसं. घरात थर्मामीटर तीन, बाळाच्या पायात ऑक्सिजन मोजणारा मोजा, फोनवर दुधाच्या औंसांचा तक्ता. आकडा हिरवा असला की जीव भांड्यात पडतो, मग मूल समोर कसंही दिसो. "नाइन्टी नाइन पॉइंट एट आहे, म्हणजे ताप नाही," असं सांगणारा बाप आणि "पण तो हसत नाहीये" म्हणणारी आई, यांत मी आईच्या बाजूने.

पण नेहमी नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ ला पोचला की आजी म्हणते, "थोडी कणकण आहे, अंगावरून हात फिरव, उतरेल." इथे आजीचं ऐकायचं नाही. एवढ्या लहान बाळात तापाशिवाय दुसरी खूणच दिसत नाही असं होऊ शकतं, म्हणून तो आकडा दिसला की रात्र असो वा सण, डॉक्टरला फोन. तसंच काजळाचं. घरच्या प्रेमाने डोळ्यांत घातलेल्या काही काजळांत शिसं सापडलेलं आहे आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. दृष्ट लागू नये असं वाटणं समजू शकतं, पण रक्तातलं शिसं त्या वाटण्याला भीक घालत नाही.

मेळघाटात याची फार करुण बाजू दिसते. बाळाचं पोट फुगलं, धाप लागली की काही घरांत विळा तापवून पोटावर चटके देतात. तिकडे त्याला डंबा म्हणतात. बातम्या दरसाल येतात, आपण आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होतो. पण त्यांनी पाहिलेलं खरं होतं. पोट फुगलंच होतं, श्वास बिघडलाच होता. गडचिरोलीच्या यादीतल्या दोन खुणा त्यांनी अचूक टिपल्या होत्या. चूक झाली ती त्याच्या पुढच्या पावलाला.

लक्षात येणं एक आणि कारण लावणं दुसरं. पहिल्यात घरचे तरबेज, दुसऱ्यात घरचे कच्चे, आणि कच्चे असण्यात काही लाज नाही. पण माणसाच्या मनात ही दोन्ही इतकी लागोपाठ येतात की ती एकच वाटतात.

याची सगळ्यांत महागडी गोष्ट आमच्या टेक्सासपर्यंत येऊन पोचते. १९९८ च्या फेब्रुवारीत अँड्र्यू वेकफिल्ड या इंग्लिश डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांवरचा निबंध छापला, त्यातून गोवराची लस आणि ऑटिझम यांची सांगड लोकांच्या डोक्यात पक्की बसली. २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला, त्याचा परवाना गेला. तोवर तो ऑस्टिनमध्ये येऊन संस्था चालवू लागला होता, शुगर लँडपासून तीन तासांच्या आत. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. लसीने ऑटिझमचा धोका वाढत नाही हे पुन्हा दिसलं. हे सगळं वाचकाला ठाऊक असेल. मला रस आहे तो त्या आईबापांत. त्यांच्या लक्षात आलेलं खोटं नव्हतं. मूल हाकेला बघेनासं झालं होतं, येत असलेले शब्द गेले होते. हे त्यांनी कुणाहीआधी पाहिलं होतं. आणि त्यांना दवाखान्यांत काय मिळालं? आधीच्या पिढीला तर ब्रूनो बेटलहाइमसारख्या नामवंतांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं होतं की दोष थंड आईचा आहे. त्यानंतरच्या पिढीला सांगितलं गेलं, थांबा, बोलेल. असं ज्याचं वर्षानुवर्षं कुणी ऐकून घेतलेलं नाही तो माणूस, पहिल्यांदाच कुणी 'तुम्ही म्हणता ते खरं आहे' म्हटलं की त्याच्यामागे जाणारच. मग त्या माणसाने सोबत दिलेलं कारणही तो घेऊन जातो. पालकांचं निरीक्षण ऐकायचं नाकारणं आणि पालकांनी भोंदूचं ऐकणं, हे दोन वेगळे रोग आहेत असं मला वाटत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पश्चिम टेक्सासच्या गेन्स काउंटीत गोवर उठला. १८ ऑगस्टला साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर ७६२ रुग्ण नोंदले गेले होते आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गेली होती. त्याच उन्हाळ्यात टेक्सासने नवा कायदा केला: 'सदसद्विवेकाच्या कारणाने' शाळेची लस नाकारायचा जो फॉर्म २००३ पासून सरकारकडे मागवावा लागे, तो १ सप्टेंबरपासून घरबसल्या छापून घेता येतो. या फॉर्मवर सही करणाऱ्यांशी बोललं की तेही म्हणतात, आम्हांला आतून वाटतं. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. पण हे वाटणं त्या रात्रीच्या आईचं वाटणं नव्हे. तिने समोरच्या मुलात काहीतरी पाहिलं होतं. ज्या मुलाला अजून काहीच झालेलं नाही त्याच्याबद्दलची ही धास्ती बाहेरून घरात आलेली आहे, बहुतेक वेळा फोनमधून. तिच्या पाठीशी 'काल' नाही.

याच राज्याच्या एका दुसऱ्या कायद्याचं मात्र मला कौतुक आहे, आणि तो आपल्या मंडळींना फारसा माहीत नाही. मुलाच्या उपचाराबद्दल एकापेक्षा जास्त डॉक्टरांचं मत घेतलं, एवढ्या कारणावरून बालसंरक्षण खात्याला मूल ताब्यात घेता येणार नाही, असं २०२१ पासून टेक्सासात लिहून ठेवलेलं आहे. जर्मनीत सरकारने आईबापांकडून काढून घेतलेल्या अरिहा शहा या बाळाची बातमी आल्यापासून आपल्या घरांतून ही भीती बसलीय, की दवाखान्यात जास्त बोललं तर मूल काढून घेतील. निदान दुसरं मत मागण्यापुरतं तरी इथे तसं होत नाही.

घरातल्या घरातही आवाज दाबले जातात, त्याबद्दल बोलायला हवं. दोन वर्षांचा मुलगा एकही शब्द बोलत नाही. आईला खटकतंय. बाप म्हणतो, घरात मराठी, डेकेअरमध्ये इंग्रजी, टीव्हीवर हिंदी, गोंधळलाय बिचारा. नागपूरहून आलेली आजी म्हणते, "याचा बापही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आणि आता थांबतोय का बघ." सगळे हसतात, विषय संपतो. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही, हे आता संशोधनातून पुरेसं स्पष्ट आहे. म्हणून मराठी बंद करणं हाही उपाय नव्हे. पण सहा महिने जातात. टेक्सासमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अर्ली चाइल्डहुड इंटरव्हेन्शन नावाची सरकारी सोय आहे. तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. आई स्वतः फोन करू शकते आणि तपासणीचे पैसे पडत नाहीत. म्हणजे एका आईचं खटकणं हे सरकारदरबारी पुरेसं कारण आहे. फक्त ते आपल्या दिवाणखान्यात पुरत नाही.

आता राहिली खोट्या गजराची बाब, आणि तिच्यापासून पळ काढून चालणार नाही. त्या बेल्जियमच्या अभ्यासात डॉक्टरच्या वाटण्यावर विसंबलं असतं तर निसटलेल्या सहा गंभीर मुलांपैकी दोन सापडली असती, आणि त्यापायी ४४ मुलांची धावपळ फुकट गेली असती. दोन मुलांसाठी चव्वेचाळीस फेऱ्या. माझ्या हिशेबात हा सौदा स्वस्त आहे. पण बेल्जियममध्ये फुकट गेलेली फेरी म्हणजे एक संध्याकाळ. शुगर लँडमध्ये त्या लाल अक्षरांखालचं दार उघडलं की बिल हजारांच्या घरात जाऊ शकतं, आणि ते येतं दोन महिन्यांनी, विम्याच्या तीन पत्रांनंतर. एकदा असं बिल भरलेली आई पुढच्या वेळी स्वतःच्या वाटण्याशी घासाघीस करते. सकाळपर्यंत थांबूया. अर्जंट केअर उघडेल. थोडा कमी वाटतोय ना? तिची नजर कमी झालेली नसते, तिच्या नजरेची किंमत वाढलेली असते.

म्हणून त्या दाराच्या आधीची पायरी वापरावी: बहुतेक बालरोग दवाखान्यांचा रात्रीचा नर्स फोन असतो. पलीकडची नर्स छापील प्रश्नावलीवरून विचारते. या प्रश्नावल्या बार्टन श्मिट नावाच्या कोलोरॅडोच्या बालरोगतज्ज्ञाने बसवलेल्या आहेत आणि अमेरिकेत सर्रास चालतात. शेवटचं डायपर कधी ओलं झालं, हाक मारली तर जागं होतं का, पाणी पोटात ठरतंय का. इथे आपली माणसं एक गफलत करतात. ती आपला निष्कर्ष सांगतात: "आय थिंक इट इज न्यूमोनिया." नर्स तो निष्कर्ष बाजूला ठेवते, आणि ठेवायलाच हवा. त्याऐवजी सांगावं ते असं: सकाळी सहा औंस प्यायला, दुपारी दोन, आता बाटली तोंडाला लावली की मान फिरवतोय. मागच्या महिन्यात एकशे दोन ताप होता तेव्हाही खेळत होता. आज एकशे एकलाच पडून आहे. हा त्याचा नेहमीचा आजार नाही. एवढं सांगितलं की बाईंचा आवाज बदलतो, मी ऐकलेलं आहे.

आणि फोन ठेवण्याआधी ती दर वेळी म्हणते, काही बिघडलं किंवा काळजी वाटली तर पुन्हा फोन करा. आपण 'थँक यू' म्हणतो आणि तासाभराने पुन्हा करत नाही, कारण तीच नर्स उचलेल आणि तिला काय वाटेल. तिला काहीही वाटत नाही. तिच्या समोरच्या पडद्यावर तासापूर्वीची तुमची नोंद उघडी असते, आणि 'तेव्हा दोन औंस घेत होता, आता तेही नाही' हे वाक्य ऐकलं की ती पहिल्यापेक्षा वेगळं उत्तर देते.